हळद-कुंकू लागलेला सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे. नाव भारदस्त, पण अंगाने चपातीच्या डब्याएवढा. कामोठ्यातल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला कौतुकाची सवय नाही. कोणी केलंच नाही, तर सवय लागणार कुठून?

माझी उमेदीची वर्षं बेलापूरच्या एका ऑफिसात गेली. तिथे मला मोडीत काढलं, तेव्हा मितेश नावाच्या मुलाने मला घरी आणलं. घरचे फोटो, कागदपत्रं, गाणी त्याने माझ्या पोटात भरली आणि वर भक्कम कुलूप घातलं. हे कुलूप लोखंडाचं नसतं, पासवर्डचं असतं. मी चालू असेन तोवर ते उघडं. एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं, की पासवर्ड टाइप केल्याशिवाय माझ्या पोटातलं मलाही वाचता येत नाही. घराला इंटरनेट पुरवणारा राउटरही त्याने वेगळा घेतला नाही, माझ्याच आत बसवला. "एका डब्यात सगळं!" म्हणून स्वारी स्वतःवरच खूश. मग नोकरीसाठी मस्कतला गेला. लाइट गेली तरी इन्व्हर्टर होता, त्यामुळे मी कधी बंद पडलोच नाही, आणि ते कुलूप सगळे विसरून गेले.

माझ्या पोटात खरं मोलाचं होतं ते त्याच्या आईचं गाणं. त्याची आई सत्यवती ही धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून धवले गाऊन देवांना बोलावते, ती धवलारीण. पनवेलपासून उरणपर्यंत तिला बोलावणी यायची. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, तो कायमचा. ऑपरेशनच्या आधी मितेशने तिचे सगळे धवले रेकॉर्ड करून माझ्यात ठेवले होते. यंदा दिवाळीनंतर धाकट्या समीक्षाचं लग्न. लेकीच्या हळदीला आईचाच आवाज लागणार, हे घरात ठरलेलं होतं. "दुसरी कॉपी काढून ठेव रे," असं समीक्षा दर फोनला सांगायची. मितेश म्हणायचा, "करतो गं."

आला दसरा. या घरात दसऱ्याला कोयता, शिलाई मशीन, दाजींची रिक्षा, सगळ्यांना सुट्टी असते. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस आराम द्यायचा आणि पूजा करायची. दाजी म्हणजे सत्यवतीचा नवरा. त्या दिवशी सत्यवतीचं लक्ष माझ्याकडे गेलं. हा बिचारा तर रात्रंदिवस जागा! तिने बटण दाबून मला बंद केलं, धूळ पुसली, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. छान वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

पूजा झाल्यावर तिने मला परत चालू केलं. टीव्हीवर काळा पडदा आला आणि मी पासवर्ड मागितला.

समीक्षाने मस्कतला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दादा, तू तिथूनच उघड ना! तशी सोय केलीयस म्हणाला होतास."

"केलीय गं, पण ती वाट राउटरमधून येते. आणि राउटर त्याच्याच आत. तो उघडल्याशिवाय मी आत येणार कसा?"

"मग पासवर्ड सांग."

मितेश पुटपुटला, "सगळे पासवर्ड मी त्याच्यातच ठेवलेत."

"म्हंजी किल्ली आत टाकून कुलूप लावलास?" दाजी कपाळाला हात लावून म्हणाले. "वा रे इंजिनेर! दुसरी कापी हाय का नाय?"

"नाय, बाबा."

सत्यवती मटकन खाली बसली. रडली, पण तिच्या रडण्याला आवाज नव्हता. बटण आपण दाबलं, लेकीच्या हळदीचा आवाज आपणच घालवला, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मी आत थंड बसलो होतो. मला काही करता येत नव्हतं.

"थांबा," मितेश म्हणाला. "पासवर्ड मी आईच्या धवल्यातून घेतला होता. हळदीला देवांना आवतण देते ना, त्यातले पहिले पाच देव. पण क्रम आठवत नाय. एक देव तर पारच विसरलो."

सत्यवतीने डोळे पुसले. उठून मूठभर तांदूळ घेतले. आवतण देताना ती त्या त्या देवाच्या दिशेला अक्षता टाकायची. आता ओठ हलत होते आणि हात फिरत होता. पहिल्या अक्षता देव्हाऱ्याकडे. "गणपती!" समीक्षा ओरडली. मग कार्ल्याच्या डोंगराकडे. "एकवीरा आई!" मग जुन्या गावाच्या वेशीकडे, गावदेवी. मग सत्यवती खाडीकडे वळली.

"दर्यादेव!" मितेश फोनवर किंचाळला. "हाच विसरलेलो!"

शेवटच्या अक्षता जेजुरीकडे, खंडोबाला. एवढा गुप्त पासवर्ड, दार सताड उघडं ठेवून, शेजारीपाजारी ऐकतील असा पुकारला गेला. सुरक्षेचं काय म्हणायचं! समीक्षाने तो टाइप केला आणि मी उघडलो.

तिने पहिला धवला लावला. खोलीत सत्यवतीचा आवाज भरला. ती स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून ऐकत राहिली. दाजी म्हणाले, "बघ, हाय ना तुजा आवाज?" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पासवर्ड मितेशने लगेच बदलला, म्हणून तर तुम्हाला एवढं सांगितलं. नवाही धवल्यातलाच आहे, कोणत्या धवल्यातला ते सांगणार नाही. धवल्यांच्या दोन कॉपी झाल्या, एक पळस्प्याला मावशीकडे आहे. आणि समीक्षा रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसते. मी एक ओळ वाजवतो, ती म्हणते. चुकली की सत्यवती तिच्या मांडीवर चापट मारते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. मी यंत्र आहे, एक दिवस बंद पडणारच. काल समीक्षाने माझ्यावर धवला लावलाच नाही. आईसमोर बसली आणि आवतणाचा अख्खा धवला तोंडपाठ म्हणाली. सत्यवतीने तिला चापट मारली नाही.