शर्यत संपल्यावर थांबायची जागा

"शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर! त्यात तुमचं वेगळं काय असणार, मावशी?" गणिताचे सर नकाशावर पट्टी आपटत म्हणाले.

फक्कीमावशीला खरं तर आत बोलावलं होतं ते नकाशाचं गुंडाळलं जाणारं टोक धरायला, मत द्यायला नव्हे. पण नकाशावर नजर गेली आणि तिला राहवेना. विद्यापीठाच्या मैदानावर बावीस वर्षं पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारणारी बाई ती. कुठे खळगा आहे, कुठे पाणी साचतं, सगळं पाठ. आणि या बावीस वर्षांत रेघा मारल्या कशासाठी? तर कर्मचाऱ्यांच्या खेळांसाठी! रस्सीखेच, पोत्यात पाय घालून उड्या, आणि परीक्षा विभागाचे साहेब दरवर्षी शेवटून पहिले. खरी शर्यत, बाहेरून आलेले खेळाडू, असलं काही तिच्या रेघांच्या नशिबी कधी आलंच नव्हतं.

आता येणार होतं. नव्या क्रीडासंचालक मॅडमनी आंतरमहाविद्यालयीन ॲथलेटिक्सचा कार्यक्रम आखायला घेतला होता. आठ कॉलेजं एका पायावर तयार होती. अट एकच, शंभर मीटरची शर्यत हवीच. दुपारी तीनला आराखडा कुलगुरूंपुढे जायचा होता. तिथे नापास झाला, तर मैदानावर गाड्या उभ्या राहणार हेही ठरलेलंच.

"बोला मावशी, काय म्हणत होता?" मॅडमनी विचारलं.

"पळणाऱ्या मुली थांबणार कुठं?"

"रेषेवर," सर म्हणाले. "शंभर मीटर झाले, शर्यत संपली."

"शर्यत संपते हो. पाय कुठं लगेच थांबतात?"

मॅडम नकाशावर वाकल्या. शर्यत ग्रंथालयाच्या भिंतीपाशी सुरू होत होती आणि तारेच्या कुंपणाला जवळजवळ नाक लावून संपत होती. सरांचा आकडा अगदी चपखल बसला होता. फक्त माणूस बसत नव्हता.

"पळून बघा ना, सर," मावशी साखरेसारख्या आवाजात म्हणाली.

"मी? अहो, मी कॉलेजात असताना..."

"मग तर बघायलाच नको!"

सर इरेला पेटले. मैदानावर जाऊन पँट दुमडली, पेन मॅडमकडे दिलं आणि निघाले की सुसाट! मावशीलाही वाटलं नव्हतं एवढे छान पळाले. रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले, आणि पुढच्याच क्षणी कुंपणात घुसले. तारांनी त्यांना पोटभर मिठी मारली आणि अलगद मागे बसवलं. चष्मा एकीकडे, बूट दुसरीकडे.

"लागलं का हो?" मावशी धावली.

"फक्त अब्रूला." सरांनी चष्मा शोधला. "कुंपण मागे घ्यायला लागेल."

"पलीकडे रस्ता आहे. तो कुठं सरकवता?"

मॅडम मटकन जमिनीवर बसल्या. "म्हणजे संपलंच." निकालाच्या दिवशी नंबर न सापडलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मावशीनं पलीकडच्या कोपऱ्याकडे एकदा पाहून घेतलं. उत्तर तिला नकाशा पाहिला तेव्हापासूनच ठाऊक होतं.

"तिरकं घ्या," ती शेवटी म्हणाली. "या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

सर उडालेच! "कर्ण! अहो, कर्ण! एकशे तीस मीटर! हे मला कसं नाही सुचलं?"

"तुम्ही चौकोन कागदावर बघता. मी त्यातून चालते. घाई असली की माणूस तिरकाच जातो."

"पण मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात तुमची खोली आहे."

होती. पत्र्याची, दोन माणसं उभी राहिली की भरणारी. फक्कीची पोती, दोऱ्या, खुंट्या. लेक लहान असताना याच पोत्यांवर झोपायची. आता तिचीही लेक शाळेत जाते.

"पाडा की."

"नवी कधी मिळेल, मी नाही सांगू शकत."

"पोती जिन्याखाली ठेवीन."

"आणि तुम्ही?"

"मी काय, दिवसभर मैदानावरच असते. खोलीत बसतंय कोण!"

ही शुद्ध थाप होती. भर दुपारी ती तिथेच बसायची, दार ओढून, पाय लांब करून.

तीनच्या बैठकीत आराखडा एका दमात पास झाला. सर ती बातमी सांगायला धावतच आले, आणि या वेळी मावशीच्या चांगली दहा पावलं अलीकडून वेग कमी करत आले.

पुढच्याच आठवड्यात खोली गेली. जमीन सपाट झाली, रोलर फिरला. पहिल्या सरावाच्या दिवशी मावशीनं पहाटेच दोरी ताणली आणि सहा पट्ट्या अशा आखल्या की मॅडम नुसत्या बघतच राहिल्या. मग मुली पळाल्या. काय पळाल्या! रेषा ओलांडली, वेग उतरत गेला, आणि एक लंबूटांग मुलगी धापा टाकत थेट कोपऱ्यापर्यंत पोचली. तिथे ती खाली बसणारच होती.

"बसू नकोस गं, लगेच बसायचं नसतं," मावशी म्हणाली. "चालत राहा."

"पाय... दुखतायत, मावशी."

"दुखू देत. चल, मी येते."

फक्कीनं पांढरे झालेले हात मागे बांधून मावशी तिच्या बाजूनं निघाली. ऊन चांगलंच वर आलं होतं. मुलीचा श्वास जागेवर येईपर्यंत दोघी त्या मोकळ्या कोपऱ्यात गोल गोल चालत राहिल्या.