त्या गुरुवारी मी का सुरू झालो नाही

मी एक पिकअप बोलतोय. रंग मुळात हिरवा, आता गंजाचा. कॅनडात, सस्कॅचेवानच्या माळावर, ऑरेस्ट ह्नातियूकच्या शेताच्या कडेला वारा अडवायला झाडांची एक रांग लावलेली आहे, तिच्यात मी उभा आहे. निकामी यंत्रं इथे नेऊन टाकायची असा आमच्याकडचा रिवाज. शेजारी एक मोडकं पेरणीयंत्र आहे. माझ्याबद्दल आसपासच्या सगळ्या शेतांवर एकच सांगतात: म्हातारीने ट्रक बिघडवला.

हे खोटं आहे. कुणाचं आहे तेही मी सांगणार आहे.

मला १९५३ साली दिमित्रो ह्नातियूक या युक्रेनी शेतकऱ्याने आणलं. माझा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच, चोकची मूठ डॅशबोर्डवर, आणि सीट एकच, तिघं जेमतेम मावतील अशी. डावीकडे, स्टिअरिंगपाशी, दिमित्रो बसे. उजवीकडे त्याची बायको पारास्का. उजवीकडे बसणाऱ्याने फाटकं उघडायची, हा इथला नियम. शेतापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीन फाटकं. अठरा वर्षं ती बाई उणे तीस थंडीत खाली उतरून फाटक उघडत होती, मी पुढे गेलो की लावत होती आणि चालत येऊन परत बसत होती. एकदा तिने विचारलं, "मला शिकव ना चालवायला."

"तुला कशाला हवंय? मी आहे ना," दिमित्रो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला तो प्रश्नच कळला नाही.

मुलगा ऑरेस्ट मात्र नवव्या वर्षी माझ्यावर शिकला. पाय पोचत नव्हते म्हणून उभ्याने चालवायचा. दुसऱ्याच दिवशी त्याने मला धान्याच्या कोठारावर घातलं. बंपर वाकला, कोठाराच्या दोन फळ्या फुटल्या. दिमित्रो पोट धरून हसला. पुढे प्रत्येक ईस्टरच्या जेवणात ती गोष्ट निघायची आणि प्रत्येक वेळी ऑरेस्टची पाठ थोपटली जायची. पोराची चूक म्हणजे त्याची धडाडी. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय.

एकाहत्तरच्या वसंतात दिमित्रोला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याला चाळीस मैलांवरच्या गावात शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे जायला बस नाही. ऑरेस्टचं घर जवळच होतं, पण "या रविवारी पेरणी आहे, आई", "या रविवारी पाऊस पडेल असं वाटतंय, आई." तीन आठवड्यांतून एकदा भेट व्हायची. आणि भेटीहून येताना तो दर वेळी म्हणायचा, "हे घर विकून टाकू. तू गावात खोली घे. एकटी काय करणार इथे?"

पारास्का तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तिने वाद घातला नाही. शेजारच्या शेतावरच्या एफी मॅक्लीशला फोन केला.

एफीने बावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. गव्हाची कापणी झालेल्या उघड्या रानात ती मला घेऊन गेली, खाली उतरली आणि पारास्काला डावीकडे ढकललं. पारास्का बुटकी. तिच्याखाली पिठाचं रिकामं पोतं चार घड्या करून ठेवलं, तेव्हा कुठे तिला समोरचं दिसलं.

"क्लच हळू सोड."

मी तीन उड्या मारल्या आणि बंद पडलो.

"हळू म्हणजे हळू! पेरोहीच्या करंज्यांचं पीठ लाटतेस तेव्हा काय त्याच्यावर उडी मारतेस?"

"पीठ मला काचेवर आपटत नाही, एफी."

"बावीस वर्षं चाळीस कार्टी पाठीमागे बोंबलत असताना मी चालवलंय. इथे बोंबलायला मी एकटीच आहे. परत कर."

तिने परत केलं. त्या दिवशी एकोणीस वेळा बंद पाडलं मला. पेट्रोल जास्त दाबायची खोड होती, मग इंजिन भिजून जाई आणि दहा मिनिटं थांबावं लागे. पण आठव्या दिवशी तिने मला बांधापासून बांधापर्यंत नेलं, एकही धक्का न देता. आणि तिथे थांबून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती मोठ्याने हसली. मी दोन माणसांना शिकताना पाहिलंय. इतका आनंद नऊ वर्षांच्या पोराला झाला नव्हता.

मग फाटकं. एकट्याने चालवायचं तर थांबा, हातब्रेक ओढा, उतरा, उघडा, चढा, पुढे न्या, परत थांबा, उतरा, लावा. ते सगळं तीन वेळा. अठरा वर्षं अर्धं काम तिने केलंच होतं, आता उरलेलं अर्धंही ती करू लागली.

परवान्याची तोंडी आणि रस्त्यावरची परीक्षा घेणारा साहेब महिन्यातून दोनदा गावात यायचा. पहिल्या खेपेला ती नापास झाली. कारण ऐका. आमच्याकडच्या खडीच्या रस्त्यांवर कडेची खडी सैल असते, चाक तिथे गेलं की गाडी खंदकात. म्हणून सगळेच मधोमध चालवतात, समोरून कुणी आलं तरच बाजूला होतात. पारास्काने गावातल्या डांबरी रस्त्यावरही मला मधोमध नेलं. अगदी सरळ रेषेत.

"बाई, अर्धा रस्ता बाकीच्यांनाही लागतो," साहेब म्हणाला.

"समोर आलं असतं कुणी, तर दिला असता की."

हे ऐकून ऑरेस्टने कपाळाला हात लावला. "आई, बास आता. लोक हसतात. कुणाला तरी मारशील, नाहीतर स्वतः मरशील." कोठाराच्या फळ्या कुणी फोडल्या होत्या, हे त्या स्वयंपाकघरात कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मंगळवारी. परवान्याचा कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. लगेच तिने शुश्रूषागृहात फोन केला. "गुरुवारी दुपारी त्याला खिडकीशी बसवा. सांगा त्याला, मी येतेय. मी एकटी. तो ट्रक घेऊन."

बुधवारी संध्याकाळी ती कोंबड्यांकडे गेली असताना ऑरेस्ट आला. त्याने माझं बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बाजूला एक वाटीसारखं झाकण असतं, त्याच्या आत अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो फिरतो म्हणून ठिणगी सिलिंडरपर्यंत पोचते. ऑरेस्टने तो काढला, खिशात टाकला, झाकण जसंच्या तसं बसवलं आणि बॉनेट आवाज न करता लावलं. त्याच्या मनात काळजी होती असं तुम्ही म्हणाल. असेल. पण खरी काळजी असती, तर तो आईसमोर उभा राहून म्हणाला असता, जाऊ नकोस. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती आली. मांडीवर पातेलं, त्यात पेरोही, वर दोन टॉवेल गुंडाळलेले. नवा रुमाल डोक्याला. पोत्यावर बसली. क्लच दाबला, गिअर मोकळा केला, चोक ओढला, किल्ली फिरवली. सगळं बरोबर. मी घरघरलो आणि सुरू झालो नाही.

तिने परत केलं. पायऱ्या तोंडाने म्हणत म्हणत, पोरं पाढे म्हणतात तशी. मग चोक आत ढकलून. मग इंजिन पेट्रोलने भिजलं असेल म्हणून दहा मिनिटं थांबून. पाऊण तासाने बॅटरी संपली. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, तुझं काही चुकत नाहीये. माझ्याकडे आवाज एकच, आणि तोही गेला होता.

"परत तेच केलं मी," ती स्वतःशी म्हणाली. "परत तेच."

तिने ऑरेस्टला बोलावलं. तो आला, बॉनेट उघडून आत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "असू दे, आई. होतं असं या वयात." मग घरात बसून त्याने त्या पेरोही खाल्ल्या. तुकडा त्याच्या खिशात होता. दिमित्रोला संध्याकाळी सहापर्यंत खिडकीपासून हलवता आलं नाही, हे नर्सने फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एफी आली, पण तोवर ऑरेस्टने ट्रॅक्टर लावून मला आपल्या अंगणात ओढून नेलं होतं. "दुरुस्तीला" म्हणे. एफी पारास्कावर चिडली, "एकदा बंद पडला म्हणून सोडून देतेस?" पारास्का म्हणाली, "मला नाही जमत ते. उगाच तुझा वेळ घालवला." फेब्रुवारीत दिमित्रो गेला. तोवर आणखी सहाच भेटी झाल्या. उन्हाळ्यात घर विकलं.

याला आता सात वर्षं झाली. पारास्का गावात एका खोलीत राहते. एफी दर जुलैत बादली घेऊन या झाडांत बेरी तोडायला येते आणि माझ्याशी बोलते. म्हणजे शिव्या देते. परवा म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीला वाचनालयातली बाई इंग्रजी अक्षरं शिकवायला तयार आहे, फुकट. तर ही म्हणते, नको, मी एकदा शिकायला गेले होते, माझ्या डोक्यात काही राहत नाही. ऐन वेळी मेलास तू, मेल्या!" आणि टायरला लाथ मारली.

एफी, तुझी लाथ चुकीच्या ठिकाणी बसतेय. बॉनेटला मार. कडी गंजली आहे, एका लाथेत निघेल. वाटीसारखं झाकण काढ आणि आतली रिकामी जागा बघ. तू बसवाली आहेस, तुला सांगावं लागणार नाही. मग बेरी राहू देत. सरळ गावात जा, पारास्काला समोर बसव आणि सांग की त्या दिवशी तिने एकही पायरी चुकवली नव्हती.