ढिगातून परत आणणारा पत्ता

"सरकून बस न बे विनोद. माह्या पत्त्यावर तुह्या घामाचा हात नको ठेवू."

मनालीची ही कुरकुर अगदी माझ्या अंगावरच झाली, कारण तो हात माझ्यावर होता. मित्रांनो, मी खेळातला एक जुना पत्ता आहे. माझ्यावर पंख पसरलेला गरुड आहे आणि त्याखाली एकच ओळ: 'हा पत्ता खेळल्यावर टाकलेल्या ढिगातला कोणताही एक पत्ता हातात परत घ्या.'

छापखान्यातलं मला काही आठवत नाही. तुमसरच्या एका दुकानात चकचकीत पाकिटात होतो, तिथून चिखल्याच्या खाण कॉलनीत मनालीकडे आलो. तिनं मला फार जपलं. कोपरा दुमडला तेव्हा गादीखाली ठेवून सरळ केला. फाटलो तेव्हा मागून चिकटपट्टी लावली. मध्ये परीक्षा आली आणि मी कंपासपेटीत पडून राहिलो, कर्कटकाचं टोक सोसत. त्याचीही तक्रार नाही; बाहेर काढल्यावर तिनं आधी माझ्यावर फुंकर मारली होती.

माझी ओळ साधी, पण भांडणं माझ्यावरूनच जास्त. मोबाइलवर शोधावं तर दोन उत्तरं निघत. म्हणून कॉलनीतल्या मुलांची एक रीत होती. निकाल कॉलनीतल्याच मोठ्या भावनाताईनं द्यायचा, कारण ती खेळत नसे. आणि तिच्यापुढे प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची, स्वतःची नाही. या रीतीचे माझ्यावर उपकार आहेत. तिच्यामुळेच मला कुणी रागानं फाडलं नाही.

त्या संध्याकाळी मनाली आणि तिचा मित्र अश्वजित खेळत होते, विनोद शेजारी बसून बघत होता. पलीकडे अश्वजितच्या घरचं कपाट ट्रकमध्ये चढत होतं. त्याच्या बाबांची बदली बालाघाटकडच्या खाणीत झाली होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. डाव संपत आला. मनालीनं मला खेळलं, ढिगावर ठेवलं आणि मलाच परत उचललं.

"असं केलं तं डाव संपनच नाही," विनोद म्हणाला.

"नाही संपला तं तुह्या पोटात काहून दुखते?" मनालीनं विचारलं.

प्रश्न भावनाताईकडे गेला: गरुड स्वतःलाच परत आणू शकतो का?

रीतीप्रमाणे आधी अश्वजितनं मनालीची बाजू मांडली. "आणू शकते, ताई. 'कोणताही' लिहिलं आहे, मंग हा बी त्यातच आला. खेळू द्या तिले." स्वतःच्या विरोधातल्या बाजूनं इतका जीव लावून बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"आता तू," ताई मनालीला म्हणाली. "काहून नाही आणू शकत, ते सांग."

मनाली मला नुसती बोटांत फिरवत राहिली.

मित्रांनो, तुमच्याकडेही असा एखादा चिकटपट्टीवाला पत्ता असेल. नवा आला म्हणून त्याला टाकू नका. आम्हाला फार काही लागत नाही. कधीतरी खेळायला घेतलं की पुरे.

ट्रकचं फाळकं बंद झाल्याचा आवाज आला.

"जो गेला, तो सोताले नाही उचलू शकत," मनाली म्हणाली. "मागं राहिलेल्यानंच त्याले बोलवावं लागते."

मग तिनं मला अश्वजितच्या हातात ठेवलं.

"उद्या तू चालला न. याले संगं ने; मी बोलावलं का दोघंबी परत या."