झेंडूचा हार आणि चार वाजताची गाडी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हणजे किती, तर आठ वर्षांचा. माणसांत या वयाला मुंज करतात, आमच्यात भंगारवाल्याला फोन करतात.

कारखान्यातून निघालो तो थेट बिबवेवाडीत, दिगंबरराव आणि नीरजाकाकूंच्या भिंतीवर आलो. काय माझं कौतुक होतं तेव्हा! विसर्जनाची मिरवणूक मी घरात आणली. काकूंच्या मालिकेतली सून चार वर्षं रडली, तीही बिनतक्रार दाखवली. दर खंडेनवमीला काकू घरातल्या यंत्रांची पूजा करायच्या. मिक्सरला कुंकवाचं बोट, फ्रिजला स्वस्तिक, आणि मला मात्र पाणी मारलेला, ताजा झेंडूचा हार! केवढी ऐट वाटायची मला.

यंदाही हार चढला. संध्याकाळी मालिका लागली, पडदा दोनदा लुकलुकला आणि काळा ठिक्कर पडला. आवाज तेवढा चालू राहिला.

"डिस्प्ले गेला, बाबा," मुलगा शौनक म्हणाला. "उद्या दसरा, एक्स्चेंज ऑफर आहे. नवा ऑर्डर करतोय. चार वाजता येतील आणि हा घेऊन जातील."

"न तपासताच? अरे, डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो."

"मग चारच्या आत बघून घ्या काय बघायचं ते."

अरे देवा! सकाळी पूजा आणि दुसऱ्या दिवशी पाठवणी! मला दाखवता काही येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. फार भीती वाटली, मित्रांनो.

दसऱ्याला दुरुस्तीवाला कुठून मिळायचा? दिगंबररावांनी सहा फोन केले. शेवटी कात्रजचा सुखदेव स्वतःच्या दुकानाची पूजा उरकून आला, तेव्हा सव्वातीन झाले होते. त्याने मला चालू केलं, खिडकीचे पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि माझ्यावर टॉर्च मारला.

"काकू, हितं वाकून बघा. काय दिसतंय?"

"अगं बाई! बातम्या देणारी दिसतेय की, पुसटशी!"

"मंजी पडदा जिता हाय. मागचे दिवे पेटंनात. पडदा गेला असता तर मीच म्हणलो असतो, नवा घ्या."

वायर काढून त्याने मला पलंगावर पालथं घातलं आणि पाठ उघडली. आत वाळक्या पाकळ्या, कुंकू आणि ओल होती. दिव्यांकडे जाणारा एक जोड हिरवा पडला होता.

"ह्यो गंज कालचा न्हाई. वर्सानुवर्सं पाणी गळलंय. हार कुणी घातला?"

काकूंचा चेहरा पडला. "मीच. दरवर्षी. म्हणजे मीच याचा जीव घेतला का रे?"

"साफ करून बघतो. पर दिवेच जळाले असतील, तर आज माझा इलाज न्हाई."

तो ब्रशने घासू लागला. काकूंनी केस वाळवायचा ड्रायर आणून दिला. पावणेचार झाले. बघता बघता पाचच मिनिटं उरली. आणि तेवढ्यात बेल वाजली!

"आले ते," शौनक म्हणाला. "राहू द्या आता, बाबा."

दिगंबरराव दारात आडवे उभे राहिले. "अहो, थांबा जरा. आत पेशंट आहे."

सुखदेवने भराभरा स्क्रू पिळले, मला भिंतीला टेकवलं, बटण दाबलं. काळोख. काकूंनी पदर घट्ट धरला. अजून काळोख. आणि मग, मित्रांनो, माझ्या अंगातून उजेड फुटला!

"आला गं बाई, आला!" काकू रडत हसल्या.

दिगंबरराव दारातल्या माणसांकडे वळले. "नवा परत न्या. हा जुना झाला की कळवतो."

म्हणून सांगतो, आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा. पाठीमागे चार बोटं जागा सोडा. आणि बिघडलो तर घालवून देण्याआधी एकदा टॉर्च मारून बघा. बाकी माझं काही मागणं नाही.

संध्याकाळी काकू माझा हार हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी त्यांनी तो समोरच्या भिंतीवर, सासूबाईंच्या फोटोला घातला. योग्यच केलं त्यांनी. मी अजून चालू आहे.