कुम, बाईसाहेब आणि माझ्या मुलीचं नाव

आमच्याकडे सर्बियात बाळाचं नाव आईबाप नाही, कुम ठेवतो. लग्नात आपल्या शेजारी साक्षीला उभा राहतो तो कुम, आणि पुढे बाप्तिस्म्याला बाळ हातावर घेऊन पाद्रीबाबांना नाव सांगतो तोही कुमच. आईबापांनी ते नाव बाकीच्या पाहुण्यांबरोबर पहिल्यांदा ऐकायचं आणि हसून मान डोलवायची. बेलग्रेडकडची शहाणी मंडळी हल्ली कुमच्या कानात आधीच नाव घालून ठेवतात म्हणे. पण आमचा कुम पडला वुकाशिन. त्याच्या कानात काही घालायचं तर आधी त्याची मोटारसायकल बंद असायला हवी, आणि ती बंद असली की तो तिच्याखाली झोपलेला असतो.

माझ्या बायकोनं, तियानानं, मुलगी पोटात असल्यापासून 'इवा' हे नाव ठरवून ठेवलं होतं. कुम कुठलं तरी पणजीच्या काळातलं नाव काढणार, या भीतीनं तिची झोप उडाली होती. शेवटी तिनं मला फर्मान सोडलं. "ओग्न्येन, तू बसनं नेगोतिनला जा. येताना त्याच्या त्या खटाऱ्यावर बस. दोन दिवस आहेत तुझ्याकडे. गोड बोल, पाय चेप, काय वाट्टेल ते कर, पण 'इवा' त्याच्या गळी उतरव. नाही जमलं तर तिकडेच राहा."

नेगोतिन सर्बियाच्या एका टोकाला, आमचं गाव पोझेगाच्या पलीकडे, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या टोकाला. गाडीनं गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. पण कुमची 'बाईसाहेब' म्हणजे त्याच्या बापानं घेतलेली साइडकारवाली मोटारसायकल. तिला चढ आवडत नाही, उतार आवडत नाही आणि ऊन तर अजिबात सोसत नाही. तरी दर वर्षी मे महिन्यात कुम तिच्यावरूनच आमच्याकडे यायचा, आणि दर वर्षी कुणीतरी त्याला ओढत आणायचं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी साइडकारमध्ये, गुडघे हनुवटीला टेकलेले. कुमला सर्दी झाली होती. त्याचं नाक चोंदलेलं, पण तोंड काही बंद नव्हतं. झायेचारच्या पुढे घाटात बाईसाहेबांची क्लचची तार तटकन तुटली. मी अवजारांची पेटी उघडली. आत मिठात मुरवून धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी आणि प्लास्टिकचे दोन सारखे कॅन.

"कुम, पाने कुठायत?"

"घरी."

"घरी? पाने घरी ठेवून तंगडी आणलीस?"

"मग काय, बाप्तिस्म्याला रिकाम्या हातानं येऊ? पाने खातोस का तू?" कुम माझ्यावरच डाफरला. "एका कॅनमध्ये राकिया आहे, आलुबुखारची घरची दारू, पाहुण्यांसाठी. दुसऱ्यात तेल घातलेलं पेट्रोल. मी सगळा विचार करून निघालोय."

माझ्या बुद्धीची कमाल बघा, मला तेव्हा ते पटलं.

वर डोंगरात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. थोड्या वेळानं शेळ्यांची मालकीण खाली आली. स्तामेना नावाची म्हातारी, कमरेत वाकलेली, आवाज मात्र पोलिसी. तिनं बाईसाहेबांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि घरी जाऊन कपडे वाळत घालायची तार घेऊन आली. तारेवरचे ओले कपडे तिनं कुंपणावर टाकले होते. कुमनं अर्धा दिवस घालवून ती तार बसवली. बाईसाहेब खोकत उठल्या.

कुमचे डोळे भरून आले. "आजी! उद्या अकराला आमच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. तुमचंच नाव ठेवणार तिचं. कुमचा शब्द आहे! या चर्चमध्ये!" आणि वर एक अख्खा कॅन तिच्या हातात दिला. "ही घ्या, घरची राकिया."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात कुमनं गावाचं नाव, चर्चची खूण, सगळं तिला दोनदा समजावून सांगितलं. तेवढ्यात तियानाचा फोन आला, आणि कुम मागून त्याच्या कुमाला, म्हणजे माझ्या बायकोला, ओरडून म्हणाला, "कुमा, अभिनंदन! स्तामेना!"

"काय?" तियाना मला म्हणाली. "अरे, सव्वाचार किलोंची आहे ती! तिला हे नाव उचलवेल का?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नकोस. कर काहीतरी."

मी केलंसुद्धा. पाराचिनपर्यंत साइडकारमधून बोंबलत कुमला समजावलं, की नाव कसं छोटं असावं, सुटसुटीत असावं, उदाहरणार्थ इवा. कुम माझ्याकडे वळून म्हणाला, "काय? हवा? हवा आहे रे, सकाळीच भरली."

ते म्हणताच साइडकारचं चाक बसलं. आता ते माझ्या वजनानं बसलं की कुमच्या बोलण्यानं, देव जाणे. जास्तीचं चाक अर्थातच घरी होतं, कारण त्याच्या जागी कुमचा बाप्तिस्म्याचा सूट घडी करून ठेवलेला होता. आम्ही बाईसाहेबांना ढकलत एका रस्त्याकडेच्या खानावळीपर्यंत नेलं. खानावळ रादोयकाची. हातात झारा, अंगावर पीठ, आणि जिभेला हाड नाही.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मोटारसायकल," कुम म्हणाला.

"असं होय. मला वाटलं मयत आहे."

पण बाई मनानं मोठी. आधी आम्हाला बीन्सचं गरम कालवण आणि पाव खायला घातला. मग मागच्या अंगणातल्या ढकलगाडीचं चाक काढून दिलं. कुमनं ते ठोकून, वाकवून, शिव्या देऊन साइडकारला बसवलं. चाक कलिंगडाएवढं. त्यामुळे माझी बाजू खाली गेली आणि मी रस्त्याशी बोलू शकेन इतका जवळ आलो. रात्री तिच्याच माळ्यावर झोपायला जागा मिळाली.

आणि सकाळी निघताना, मी तोंड दाबायच्या आत, कुम म्हणाला, "रादोयकाबाई! आज आमच्या मुलीचा..."

"नाही!" मी म्हणालो.

"...तुमचंच नाव! कुमचा शब्द! अकराला या चर्चमध्ये, पोझेगाच्या पलीकडे!"

रादोयकानं झारा खाली ठेवला. तिचा चेहराच बदलला. "माझं? माझं नाव आजवर कुणी कुत्रीलासुद्धा दिलं नाही," ती म्हणाली, आणि पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत आत गेली. मी गुडघे दुमडून साइडकारमध्ये जाऊन बसलो.

फोनवर तियानानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "अजून चर्चपर्यंत किती बायका राहिल्यात?" तिचा आवाज शांत झाला की मला जास्त भीती वाटते.

चाचाकच्या पुढे, मोरावा नदीच्या घळीत पेट्रोल संपलं. कुम ऐटीत उतरला. "बघ, म्हणून कॅन आणलाय." त्यानं कॅन टाकीत रिकामा केला, लाथ मारली. बाईसाहेब दोन वेळा फुरफुरल्या, लग्नघरासारखा वास सुटला, आणि त्या जागच्या जागी गप्प झाल्या. मी टाकीला नाक लावलं.

"कुम, ही राकिया आहे."

"छे. राकिया म्हातारीला दिली."

"मग म्हातारीला काय दिलंस?"

कुमनं चोंदलेलं नाक टाकीजवळ नेलं, बोट बुडवून चाटलं आणि पांढराफटक पडला. "अरे देवा. बरी झाली होती रे या वर्षीची राकिया." मग दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसला. "स्तामेना प्यायली तर?"

फोन नंबर आमच्याकडे नव्हता. आम्ही दोघंही छातीवर क्रूस काढत बसलो. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. चालवत होती क्रुनिया नावाची धिप्पाड बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागच्या ट्रॉलीत दोन डुकरिणी. तिनं काही विचारलं नाही. नुसती फळी खाली सोडली. आम्ही बाईसाहेबांना वर चढवलं आणि डुकरिणींच्या शेजारी जागा करून बसलो. ट्रॉली हलली आणि कुमनं तोंड उघडलं.

"क्रुनियाबाई..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "खबरदार!" मी किंचाळलो. डुकरिणीसुद्धा दचकल्या. "माझी मुलगी आहे ती! तुझ्या खटाऱ्याचा सुटा भाग नाही, की ज्यानं तार दिली त्याच्या नावावर केली! नऊ महिने तियानानं तिला वाढवलं, आणि तू रस्त्यात भेटेल तिला नाव वाटत सुटलास! तुला काय कळणार आहे, तुला..."

मी थांबलो, पण जे निघायचं ते निघून गेलं होतं. कुमनं लग्न केलं नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं.

बराच वेळ तो तंगडीवरचं फडकं नीट करत राहिला. "खरंय तुझं," तो म्हणाला. "मला काय, आयुष्यात एकदाच कुणाचं तरी नाव ठेवायला मिळणार होतं. झोपताना रोज नवं नाव घोळवायचो. एकही पुरेसं चांगलं वाटेना. मग वाटलं, जी बाई अनोळखी माणसांसाठी ओले कपडे कुंपणावर टाकते, तिचं नाव तरी वाईट निघणार नाही." त्यानं नाक शिंकरलं. सर्दीचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. मला माझीच लाज वाटत होती.

चर्चच्या दारात तियाना मुलीला घेऊन उभी. पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. आम्ही ट्रॉलीतून उतरलो. कुमच्या सकाळीच चढवलेल्या सुटावर डुकरिणींचा सगळा प्रेमळपणा उमटला होता. आत शिरलो तर पुढच्याच रांगेत स्तामेना! जावयाच्या गाडीतून पहाटेच निघून आलेली, मांडीवर शेळीच्या चीजचा गोळा. तिला जिवंत बघून कुमनं तिच्या दोन्ही हातांचे मुके घेतले.

"आजी, ती राकिया... तुम्ही प्यायला नाहीत ना?"

"मला काय नाक नाही?" म्हातारी म्हणाली. "करवतीत घातली. झकास चालतेय."

तिच्या शेजारी रादोयका, केस विंचरून, मांडीवर तीन मजली केक. घळीतून आम्हाला मागे टाकून तिच्या नवऱ्याची व्हॅन गेली होती म्हणे, आम्ही डुकरिणींच्या आड असल्यामुळे दिसलो नाही. केकवर साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं: रादोयका. स्तामेनानं तो केक वाचला आणि चीज छातीशी घट्ट धरलं. मागून क्रुनिया बूट आपटत आली आणि त्यांच्याच रांगेत बसली. तिला कुणी काही कबूल केलं नव्हतं, पण बाकी दोघींचं ऐकून तिच्याही चेहऱ्यावर आशा दिसायला लागली.

कुमनं बाळ हातावर घेतलं. सैतानाचा धिक्कार वगैरे सगळं बरोबर म्हटलं. मग पाद्रीबाबांनी विचारलं, "नाव?"

कुमनं त्या रांगेकडे पाहिलं. तिघी पुढे झुकल्या. त्याच्या कपाळावरून काळ्या तेलाचा घाम ओघळला. मी मनात म्हणालो, बोल बाबा, कुठलंही बोल, मी बायकोचं बघून घेईन. आणि ते मी खरंच म्हणालो. स्तामेना तर स्तामेना, माझी तयारी झाली होती.

पण कुम वळला आणि तियानाच्या कानाशी वाकला. "कुमा, मी पुरता अडकलोय. मला नाही जमत. तू सांग."

तियाना त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या सुटाकडे, काळ्या नखांकडे, आणि त्या नखांत इतकं जपून धरलेल्या आमच्या पोरीकडे. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. कुमनं घसा खाकरला.

"इवा!" तो असा गरजला की मेणबत्त्या हलल्या.

मग स्तामेना सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटली, "ही इवा कोण? हिनं काय दुरुस्त केलं?"

जेवणाला तिघीही थांबल्या. चीज, केक, तंगडी, सगळं टेबलावर आलं. तिघींचं दोन पेल्यांत चांगलंच जमलं आणि कुम किती खोटारडा आहे यावर एकमत झालं. कुम टेबलाच्या टोकाला खाली मान घालून तंगडीचे पातळ काप काढत होता. एरवी अशा वेळी तो टेबलावर चढून गाणं म्हणतो.

माझ्या आत्यानं पलीकडून विचारलं, "नाव कसं गोड ठेवलंय गं! कुणी काढलं?"

कुमची सुरी थांबली. मीही तियानाकडे पाहिलं. तिच्या नऊ महिन्यांचं नाव होतं ते, आणि माझी बायको आपली गोष्ट दुसऱ्याला सहज देणारी नाही.

"कुणी म्हणजे?" तियाना म्हणाली. "कुमांनी. नाव दुसरं कोण ठेवणार?"

कुमनं सुरी खाली ठेवली, जरा बाईसाहेबांकडे बघून येतो म्हणाला आणि घाईघाईनं बाहेर गेला. बराच वेळ तो आला नाही, आणि त्याला बोलवायला आम्ही कुणीच गेलो नाही.