ठमीचा मालक

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने दातांना घाबरावं हे नवलच. पण ठमीने तोंड उघडलं की तो दोन पावलं मागे सरायचा. ठमी म्हणजे त्याच्या बायकोची घोडी. त्याला परदेशात नोकरी लागली तेव्हा बायको म्हणाली होती, "ठमी येणार असेल तरच मी येते." म्हणून ठमीही विमानाने आली आणि गावाबाहेरच्या तबेल्यात राहू लागली.

घोडं पेंड खाऊ लागलं ते नोंदणीत. स्पर्धेत उतरायचं तर घोडीची इथल्या संघटनेत नोंद हवी, आणि मालकाकडे इथला राहण्याचा परवाना हवा. बायकोचा परवाना अजून सरकारी कचेरीतच अडकलेला. तिचा चेहरा पडलेला पाहून तो बोलून गेला, "मग माझ्या नावावर कर, माझ्याकडे परवाना आहे."

त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "लग्नात घोड्यावर बसायला नको म्हणालात, वरात चालत आणलीत. आता मालक झालात होय!"

मग विमा. विमा कंपनीच्या डॉक्टरीणबाई शिस्तीच्या होत्या. दात, डोळे, खूर तपासून म्हणाल्या, "आता पळताना बघू. मालक आहेत ना? त्यांनीच पळवावं."

"मी?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बायको कानाशी कुजबुजली, "तिच्याकडे बघू नकोस. खांद्याजवळ राहा आणि सरळ पुढे बघून पळ."

त्याने दोरी धरली आणि पळायला लागला. ठमी जागची हलली नाही. "चल गं बाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझी अब्रू राख." मानेवर गरम श्वास आला आणि शेजारी टापा वाजू लागल्या. अंगणाच्या टोकाला वळायचं कसं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ठमी आपली आपण वळली, तिच्याबरोबर तोही वळला.

"घोडीचा दम उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मालकांना पाणी द्या." फक्त पुढच्या उजव्या पायाला जुनी दुखापत होती, तो पाय विम्यातून वगळला.

"म्हणजे तीन पायांचा विमा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"आणि शेपटीचा," बायको म्हणाली.

मायदेशी असताना स्पर्धेच्या दिवशी तो गाडीतच बसून राहायचा. या वेळी कठड्यापाशी आला. बायको शिरस्त्राणाचा पट्टा लावत होती, पण तो काही लागत नव्हता.

"आज तिचा तोच पाय दुखला तर रे? इतक्या लांब आणलंय मी तिला."

"मग थांबव. मधेच, कुठेही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचा काय संबंध? मालक मी आहे."

तिला हसू फुटलं. पट्टा लागला.

तिसऱ्या अडथळ्याची दांडी पडली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ठमी शेवटची उडी घेऊन अलगद उतरत होती. नंबर आला नाही. पण बायको बाहेर आली ती हसत आणि रडत. खाली उतरून तिने आधी तो पाय चाचपला. "गार आहे! सूज नाही, काही नाही. जरासुद्धा लंगडली नाही!"

"पुढची स्पर्धा कधी आहे?" त्याने विचारलं.

 ती चौकशी करायला धावत सुटली, लगाम त्याच्या हातात देऊन.

तो ठमीला सावलीत हळूहळू फिरवू लागला. ठमी शिंकली आणि त्याचा स्वच्छ शर्ट ठिपक्याठिपक्यांचा झाला. तो दचकला, पण लगाम सोडला नाही.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "निदान रुमाल तरी मागायचा."