होडी आत येईपर्यंत

बोंबील वाळवायच्या जागेवरून रोझलिन आणि मी दोन महिने बोलत नव्हतो. नव्याण्णव सालच्या त्या सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली, तेव्हा मला वाटलं, भांडायलाच आली. मीही कंबर कसून बाहेर आले. पण तिचा चेहरा पांढराफटक आणि लुगडं कमरेपर्यंत ओलं.

"विने, छातीत कळ आली गं. पॉलला सांग, रिक्षा आन."

माझा नवरा तसाच पळाला.

आमच्या पाचूबंदरच्या खाडीचं तोंड फार लबाड. मध्ये वाळूचा दांडा, बाजूला एक होडी जाईल एवढंच खोल पाणी, आणि तेही दर उधाणाला जागा बदलतं. काठी रोवून खूण करावी तर आठवड्यात खोटी पडते. म्हणून रोझलिन ओहोटीला बांबू घेऊन उतरायची, खोल पाणी चाचपायची आणि तिचा नवरा आल्बर्ट मासेमारीहून परतायच्या वेळी काठावर नेमक्या जागी जाऊन उभी राहायची. तिचं लाल लुगडं आणि मागचा चर्चचा मनोरा एका रेषेत धरून तो होडी आत घ्यायचा. तिनं हात वर केला की थांबायचं, पुढे वाळू. अठरा वर्षं असंच चाललं होतं.

अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. या बाईनं माझं मनगट धरलं.

"बर्फाच्या खोलीपासून किल्ल्याकडं बारा पावलं. काल चौदा व्हती, आज बारा."

"गप पड गं. बरी होशील, तूच जा उभी राहायला."

"त्याला आता नीट दिसत नाय. लाल दिसलं नाय तर दांड्यावर घालील. बोल, किती?"

"बारा."

"परत बोल."

मी परत बोलले. रिक्षा यायच्या आत ती गेली.

रडायला वेळ नव्हता, भरती लागली होती. माझी निळी मॅक्सी आल्बर्टला लांबून दिसलीच नसती. दोरीवरचं तिचं दुसरं लाल लुगडं ओढलं, कसंबसं गुंडाळलं आणि धावले. बारा पावलं मोजून उभी राहिले आणि आठवलं, रोझलिन माझ्या खांद्याला लागायची. तिची पावलं आखूड. परत मागे गेले. भांडताना मी तिच्या चालीची नक्कल करून साऱ्या आळीला हसवलं होतं, तीच चाल चालत पुन्हा बारा मोजली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

होडी दिसली. दांड्यावर लाटा फुटत होत्या. त्याला मी दिसले असावे, कारण त्यानं होडीचं नाक माझ्याकडे वळवलं आणि एका हातानं भलामोठा रावस उचलून दाखवला. माझे डोळे भरून आले. समोरचं धूसर झालं. पण पुसायचे कसे? हात वर गेला असता तर तो तिथंच थांबला असता आणि मागच्या लाटेनं होडी उलटी केली असती. दोन्ही मुठींत लुगडं धरून मी उभी राहिले. पाणी गालांवरून गळ्यात उतरत होतं.

होडी दांड्याच्या बाजूनं अलगद आत सरकली.

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. एकेक ठोका, मेलेल्या माणसाचा. रिक्षा घेऊन परतलेला पॉलच तिकडे गेला असणार, आणि होडी आत आलेली बघूनच त्यानं घंटा वाजवायला सांगितली असणार.

आल्बर्टनं वल्हं ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली, कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूस केला. मग डोळे बारीक करून काठाकडे, माझ्याकडे बघत त्यानं हाक घातली,

"रोझे, कोन गेलं गं?"

तो अजून कमरेएवढ्या पाण्यावर होता. होडी वाळूला टेकेपर्यंत मी तिचं लाल लुगडं धरून तशीच उभी राहिले.